त्याला टेपरेकॉर्डर हवा होता, कॅसेट नको होत्या



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईने घर आवरायला काढलं आणि माळ्यावरून पप्पांचा टेपरेकॉर्डर खाली आला. टू-इन-वन. रेडिओ आणि कॅसेट एकाच खोक्यात, वर धरायला दांडी, मागे मोठ्या सेलची जागा. पप्पा जाऊन सहा वर्षं झाली. त्याआधी दहा-बारा वर्षं तरी तो बंदच पडून होता. भंगारवाल्याने तो उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि दीडशे रुपये सांगितले. माझ्या भावाने मग त्याचा फोटो काढून जुन्या वस्तू विकायच्या अॅपवर टाकला. तासाभरात सात जणांचे मेसेज आले.

दुसऱ्या दिवशी सीवूड्सहून एक मुलगा गाडी घेऊन तुर्भ्याला आमच्या वस्तीत आला. माझ्याच वयाचा असेल, पस्तिशीच्या आसपास. साडेतीन हजार द्यायला तयार होता. मी प्रामाणिकपणे सांगितलं, चालू नाही. तो म्हणाला, "हरकत नाही ताई, शेल्फवर ठेवायचाय. लूक मस्त आहे." भावाने कॅसेटची पिशवी पुढे केली. एकतीस कॅसेट होत्या. म्हणाला, "ह्यापण घेऊन जा, ह्याचे पैसे नकोत." त्या मुलाने पिशवीत डोकावून पाहिलं. वरच्याच कॅसेटवर पप्पांच्या अक्षरात 'जयंती ९१' लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "नको, कॅसेट नकोत. त्या कुठे ठेवणार?"

मी टेपरेकॉर्डर विकला नाही. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तेव्हा त्याचं काम सुटलेलं होतं आणि साडेतीन हजारांत आईच्या महिन्याभराच्या गोळ्या आणि किराणा निघाला असता. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे उशिरा सुचलेलं ते उत्तर आहे असं समजा.

आधी त्या मुलाची बाजू नीट मांडते, कारण त्याची टिंगल करणं सोपं आहे आणि ते बरोबर नाही.

जुन्या यंत्रांची आवड आज जगभर वाढते आहे. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांची विक्री नगांच्या हिशोबात सीडीपेक्षा जास्त झाली. १९८७ नंतर हे पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडे तबकड्या बनवणं कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलं होतं, आणि २०२४ साली तबकड्या दाबण्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला तो आपल्या नवी मुंबईतच. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर फोनो, स्पूलचे टेप, वॉकमन विचारणारी कॉलेजची मुलं दिसतात. पाम बीच रोडच्या बाजूला एका कॅफेत मी संस्थेच्या मीटिंगसाठी गेले होते. तिथे पप्पांच्या टेपरेकॉर्डरचा सख्खा भाऊ शोभावा असा एक टू-इन-वन भिंतीवर होता. आतलं सगळं काढून टाकून त्यात पिवळा दिवा बसवला होता. एका कॉफीचे तीनशे दहा रुपये.

या आवडीमागे खरी कारणं आहेत. मोबाइलवर आपण गाणं विकत घेत नाही, महिन्याच्या भाड्याने ऐकतो. कंपनीने उद्या ते काढून टाकलं तर तक्रार कोणाकडे करणार? पुढचं गाणं कोणतं, तेही यंत्रच ठरवतं. तबकडी किंवा कॅसेट हातात असते, ती आपली असते. एक बाजू संपली की उठून उलटवावी लागते, त्यामुळे माणूस लक्ष देऊन ऐकतो. जुन्या आवाजाला लोक 'ऊबदार' म्हणतात, त्यालाही आधार आहे. चुंबकीय फितीवर आवाज जोरात आला तर तो कर्कश फाटत नाही, हळूहळू दबतो, आणि ते कानाला गोड लागतं. पण प्रामाणिकपणे मोजलं तर साधी कॅसेट सीडीच्या जवळपासही जात नाही. चार मिलिमीटरपेक्षा अरुंद फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते, तिच्यात मावून मावून किती मावणार? मागे सतत 'स्स्स' चालूच असतं.

म्हणजे हा शौक फक्त कानाचा नाही. एमएला असताना पिएर बोर्दिय वाचला होता. आपली आवड ही आपल्याला खासगी गोष्ट वाटते, पण तिच्यातून माणूस आपली सामाजिक जागा दाखवत असतो, असं त्याने १९७९ च्या आपल्या ग्रंथात फ्रान्सच्या समाजाची आकडेवारी मांडून सांगितलं. हे त्या कॅफेला लावून पाहा. ज्याच्याकडे वेगवान सगळं आहे, त्यालाच हळू चालणाऱ्या वस्तूचं कौतुक परवडतं. वाट पाहण्यात मजा आहे असं त्या कॅफेच्या भिंतीवर लिहिलं होतं. माझी आई टँकरची वाट पाहत आयुष्यातली किती वर्षं उभी राहिली, तिला विचारा त्यात काय मजा होती.

'जुनं ते सोनं' ही म्हण आपल्या घरात कधी जपून वापरली गेली नाही, आणि ते योग्यच होतं. जुन्यात आपल्यासाठी काय होतं? बाबासाहेबांनी गावाच्या गोडव्यांवर संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी कोरडे ओढले, तेव्हा गावाला सोनं म्हणणाऱ्यांनाच त्यांनी उत्तर दिलं होतं. माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळानंतर जालन्याकडून निघाले आणि तुर्भ्याच्या दगडखाणींत आले, तेव्हा मागे वळून पाहावं असं त्यांनी काही सोडलं नव्हतं. म्हणून जुन्याची ओढ हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, कोणाचं जुनं?

आता आमच्या टेपरेकॉर्डरचं जुनं सांगते.

पप्पा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत हेल्पर होते. पहिल्या बोनसमध्ये आणखी दोन हप्ते घालून त्यांनी हा टेप घेतला. आमच्या ओळीतला तो पहिला. त्यामुळे तो आमच्या घरात कमी आणि वस्तीत जास्त असायचा. बारसं असो, लग्न असो, वर्षावासाचं ग्रंथवाचन असो, टेप जायचाच. जयंतीला तर तो बुद्धविहारात आहुजाच्या अॅम्प्लिफायरला जोडला जायचा आणि वर कर्णा बांधला जायचा. वर्गणी काढून एका रात्रीसाठी कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला जायचा. अख्खी वस्ती सतरंजीवर बसून 'भीमगर्जना' बघायची, आणि भाडं वसूल व्हावं म्हणून त्याच रात्री पाठोपाठ आणखी दोन हिंदी पिक्चर. सकाळी कामावर जाणाऱ्यांचे डोळे लाल.

हे फक्त आमच्या वस्तीत घडत नव्हतं. कॅसेट फिलिप्सने १९६३ साली आणली, पण आपल्या देशात तिचा खरा पूर आला तो ऐंशीच्या दशकात. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास कलर टीव्ही आणि व्हिडिओ यंत्रांसाठी सरकारने दारं सैल केली, आखातातून परतणारे लोक खांद्यावर टू-इन-वन घेऊन आले, आणि टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी कॅसेट इतकी स्वस्त केली की एचएमव्हीची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने १९९३ साली उत्तर भारतातल्या या कॅसेट-युगावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा की तबकडीला कारखाना लागत होता, मोठं भांडवल लागत होतं. कॅसेट एका खोलीत बसून काढता येत होती. त्यामुळे ज्यांचा आवाज रेकॉर्ड कंपनीच्या दारात पोचत नव्हता, तेही बाजारात आले.

आपल्यासाठी याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत आपली गाणी माणसाबरोबर पायी फिरत होती. शाहीर येईल तेव्हा गाणं येईल. कॅसेट आली आणि शाहीर वर्षाचे बाराही महिने घरात राहायला आला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांचे आवाज रिक्षात, चहाच्या टपरीवर, नाक्यावर वाजू लागले. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या रस्त्यावर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग असायचे. लोक पुस्तक घ्यायचे आणि कॅसेट घ्यायचे. ज्याला वाचता येत नव्हतं तो फक्त कॅसेट घ्यायचा. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. महाडचं तळं, काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षा हा सगळा क्रम तिला तोंडपाठ होता, आणि तो तिला कॅसेटने शिकवला होता. तुम्ही-आम्ही ज्याला प्रबोधन म्हणतो, त्याचं एक यंत्र माळ्यावर धूळ खात पडलं होतं.

आता पिशवीतल्या एकतीस कॅसेटकडे वळते. त्यातल्या बारा बाजारातून विकत आणलेल्या होत्या. ती गाणी आज मोबाइलवर सापडतात. पण उरलेल्या एकोणीस पप्पांनी स्वतः भरलेल्या होत्या. नवीन कोरी कॅसेट महाग, म्हणून जुन्या हिंदी गाण्यांच्या कॅसेट घेऊन, त्यांच्या वरच्या कडेला तोडलेल्या खिट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावून, त्यांच्यावरच पुन्हा भरायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल. त्या एकोणीस कॅसेट जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

इथे मी एक चूक केली, ती सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. त्या मुलाला परत पाठवल्यावर त्याच रात्री मला राहवलं नाही. टेपला वायर लावली, दिवा लागला, मी हाताला आली ती पहिली कॅसेट आत टाकली आणि बटण दाबलं. चार-पाच सेकंद पप्पांचा आवाज आला. ते कुठल्यातरी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करत होते. मग आवाज जाड झाला, खोल गेला आणि थांबला. झाकण उघडलं तर फीत रोलरला गुंडाळली गेली होती. ओढली तेव्हा तुटली. सहा वर्षांनी ऐकलेला बापाचा आवाज मी माझ्या हाताने तोडला. आई काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी घासत बसली.

दुसऱ्या दिवशी मी कोपरखैरण्यातल्या एका रिपेअरवाल्या काकांकडे गेले. ते आता मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. त्यांनी टेप उघडून दाखवला. आतला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता. बोट लावलं तर काळं व्हायचं. रोलर कडक झाला होता. म्हणाले, "बेटा, वीस वर्षं बंद असलेली गाडी तू सरळ हायवेवर काढलीस." लॅमिंग्टन रोडवरून पट्टे आणि रोलर आणायला त्यांना तीन आठवडे लागले. सगळं मिळून सहाशे रुपये घेतले. तुटलेली फीत त्यांनी बारीक पट्टीने जोडून दिली. जोडावर दीड सेकंद आवाज नाही, आणि रोलरमध्ये चुरगळलेला भाग फाटल्यासारखा ऐकू येतो. तो तसाच राहणार.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी विसरणार नाही. कॅसेट लावली तेव्हा आवाज गोधडीखालून आल्यासारखा बोजड होता. काकांनी बारीक पेचकस घेतला आणि वाचणाऱ्या हेडच्या बाजूचा स्क्रू कानाने अंदाज घेत अगदी थोडा फिरवला. गोधडी बाजूला झाली. हेडचा कोन फितीवरच्या रेघांशी जुळला की असं होतं, असं त्यांनी सांगितलं. ही विद्या कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. काकांना साठी उलटून गेली आहे आणि त्यांचा मुलगा बँकेत आहे. यंत्र एकवेळ मिळेल, हे कान कुठून आणणार?

'जयंती ९१' आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकली. १९९१ म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा काळ. आदल्याच वर्षी त्यांना भारतरत्न जाहीर झालं होतं. शाहीर परभणीकडचे कोणी होते, पट्टीचे गाणारे नव्हते, आवाज बसलेला होता. पण दोन गाण्यांच्या मध्ये ते बोलत होते, आणि ते बोलणं मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. नामांतराबद्दल बोलत होते. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. म्हणजे ही रात्र मधली आहे. तेरा वर्षं झाली होती, गावं जळून गेली होती, माणसं मारली गेली होती, आणि पुढे काय होणार हे त्या मांडवात बसलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आपण नामांतराचा इतिहास शेवट माहीत असताना वाचतो. त्या कॅसेटमध्ये शेवट माहीत नसलेले लोक आहेत. त्यांचा राग, त्यांचं हसू आणि त्यांच्या टाळ्या आहेत. मागे एक लहान पोर रडतंय, ती कदाचित मीच असेन.

आणि मध्ये मध्ये वर्गणीची नावं. अमुक यांच्याकडून शाहिरांना पाच रुपये. तमुक यांच्याकडून अकरा रुपये. नाव, बापाचं नाव, मूळ गाव, रक्कम. आई एकेक नाव ऐकून सांगत होती, हा वारला, हा गावाकडे गेला, याचा पोरगा आता दुबईला आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये त्रेचाळीस नावं निघाली. आमच्या वस्तीची अशी यादी महापालिकेकडे नाही. झोपड्यांचा सर्व्हे झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. उद्या कोणी विचारलं, तुम्ही इथे कधीपासून राहता, तर आमच्याकडे ती कॅसेट आहे.

मग एक घोषणा झाली. महिला मंडळाकडून एकवीस रुपये, आणि पुढे नाव आलं ते मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या नवऱ्याचं. आई एकदम ताठ बसली. "आगं, ते एकवीस रुपये म्या गोळा केलते. आम्ही सात जणी फिरलो व्हतो. दगड फोडून आल्यावर. त्याचं कशाचं नाव घेतलं?"

पस्तीस वर्षांपूर्वीचा राग तिने तसाच जपून ठेवला होता. मी हसले, पण नंतर लाज वाटली. मी इतका वेळ या कॅसेटला आपला खरा इतिहास म्हणत होते. दीड तासाच्या त्या इतिहासात एकाही बाईचं नाव नव्हतं. मायक्रोफोन पुरुषांच्या हातात होता. आईने मला वही घ्यायला लावली आणि सातही नावं सांगितली. ती आता कॅसेटच्या कार्डावर लिहिलेली आहेत. इथे छापत नाही, कारण त्यातल्या ज्या हयात आहेत त्यांना मी अजून विचारलेलं नाही. पण हे लक्षात घ्या, नुसती कॅसेट वाचवून काम संपत नाही. ती ज्यांनी ऐकली त्यांच्या शेजारी बसून ती पुन्हा ऐकावी लागते. ती माणसं सत्तरीला आली आहेत.

आता काही आक्षेप. मी हे सगळं आमच्या अभ्यासवर्गात सांगितलं तेव्हा तिथल्या तरुणांनी घेतलेलेच मांडते.

पहिला, "ताई, यूट्यूबवर सगळं आहे." सगळं नाही. तिथे आहे ते कंपनीने काढलेलं गाणं. गाण्याच्या आधीचं बोलणं, नंतरची वर्गणी, वस्तीचं पोर, हे त्यात नाही. एक उदाहरण देते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात ते गाताना दिसतात. पुढे पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून 'जयभीम कॉम्रेड' केला, तेव्हा ते चित्रण हाताशी होतं. घोगरेंचा चेहरा आणि आवाज आज आपल्याकडे आहे, कारण त्या दिवशी तिथे कॅमेरा होता. ज्यांच्यासमोर कॅमेरा आला नाही असे शाहीर किती? त्यांचा आवाज असलाच तर कोणाच्या तरी माळ्यावरच्या अशा पिशवीत आहे.

दुसरा आक्षेप, "हे जुनं कवटाळत बसणं आहे. चळवळीपुढे शिष्यवृत्ती आहे, खासगीकरण आहे, अत्याचाराच्या केसेस आहेत." मान्य. मी स्वतः आठवड्यातले सहा दिवस तेच काम करते. पण अभिजनांनी आपलं संगीत कसं जपलं बघा. शास्त्रीय गायकांच्या घरगुती बैठका रसिकांनी टेप केल्या, संग्राहकांनी सांभाळल्या, एनसीपीएसारख्या संस्थांनी आणि आकाशवाणीने संग्रह केले. म्हणून आज कोणी अभ्यासक साठ वर्षांपूर्वीची मैफल ऐकू शकतो. त्याला कोणी जुनं कवटाळणं म्हणत नाही, परंपरा म्हणतात. आपलं मात्र भंगार होतं. किलोवर जातं. उद्या आपलीच मुलं प्रबंध लिहायला बसतील तेव्हा त्यांना आपल्याच लोकांबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचावं लागेल.

तिसरा, "मग सावकाश करू." हे मात्र चालणार नाही. कॅसेट म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर डिंकाने चिकटवलेली लोखंडाची भुकटी. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी धरते. माझ्या एकोणीसपैकी चार कॅसेटवर ती दिसते आहे. यंत्रंही संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. २०१९ साली युनेस्कोच्या एका उपक्रमाने आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगभर इशारा दिला, की चुंबकीय फिती वाजवणारी चांगली यंत्रं, सुटे भाग आणि ते जाणणारी माणसं संपत आहेत, वेळ फार थोडा आहे. त्यांनी २०२५ च्या आसपासची मुदत सांगितली होती. ती उलटून गेली.

आणि इथेच त्या सीवूड्सच्या मुलाचा प्रश्न पुन्हा येतो. बाजारात जुन्या टेपला मागणी वाढली की किंमत वाढते. चालू असलेला टेप शेल्फवर जातो, त्यात दिवा लागतो. ज्यांच्याकडे वाजवायला कॅसेट आहेत त्यांच्याकडे यंत्र राहत नाही, आणि ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांच्याकडे वाजवण्यासारखं काही नाही. यात त्या मुलाचा दुष्टपणा नाही. बाजार असाच वाटप करतो. त्या शौकीन मंडळींत काही खरे जाणकार आहेत, त्यांच्यामुळेच सुटे भाग अजून मिळतात. त्यांच्याशी दोस्ती करा, यंत्र उसनं मागा. पण आपला टेप त्यांना विकू नका.

करायचं काय, ते थोडक्यात सांगते. टेप दुरुस्त झाल्याशिवाय एकही कॅसेट लावू नका, माझ्यासारखं करू नका. आधी बाजारातली एखादी कॅसेट लावून बघा, मग घरची. बुरशी दिसली तर ती वेगळी ठेवा, वाजवू नका, बुरशी हेडवरून दुसऱ्या कॅसेटवर जाते. हेड दर दोन कॅसेटनंतर कापूस आणि स्पिरिटने पुसा. खिट्टीच्या भोकावर चिकटपट्टी असेल तर ती काढा, म्हणजे चुकून वर दुसरं भरलं जाणार नाही. टेपच्या इयरफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडायची, त्यासाठी साधं यूएसबी साउंड कार्ड पुरतं. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एमपीथ्री करू नका, वेव्ह फाइल ठेवा, आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. व्हिडिओ कॅसेट असतील तर त्यांची आधी यादी करा, चालू व्हीसीआर मिळवणं हे एकट्याचं काम नाही.

आमच्याकडे हे काम कोण करतंय माहीत आहे? आमच्या वस्तीतला एकोणीस वर्षांचा डीजेवाला. जयंतीला तो कान फाटेपर्यंत वाजवतो म्हणून मीच त्याच्याशी भांडले होते. 'जयंती ९१' ऐकल्या ऐकल्या तो म्हणाला, "ताई, स्पीड कमी आहे. मोटर थकलीय. हे लोक एवढ्या जाड आवाजात बोलत नसतील." त्याने लॅपटॉपवर वेग जुळवला आणि पप्पा पप्पांसारखे बोलायला लागले.

एकोणीसपैकी अकरा कॅसेट झाल्या आहेत. चार बुरशीच्या आहेत, त्या कोणा जाणकाराला दाखवायच्या आहेत. चार राहिल्या आहेत. ऐरोलीला बाबासाहेबांचं स्मारक आहे, तिथे ग्रंथालय आहे. तिथे एक टेबल, दोन दुरुस्त टेप आणि एक संगणक ठेवून आठवड्यातून एक दिवस वस्त्यांमधल्या कॅसेट उतरवून घ्याव्यात, असं निवेदन आम्ही तयार करतोय. त्यावर सह्या हव्या आहेत. पण निवेदनाच्या उत्तराची वाट बघत बसू नका. या रविवारी माळ्यावर चढा.

भावाला काम मिळालं आहे. अजून तो मला अधूनमधून साडेतीन हजारांवरून टोमणे मारतो. परवा रात्री मात्र तो कानात हेडफोन घालून लॅपटॉपसमोर बसला होता. मी विचारलं, काय ऐकतोस? म्हणाला, "काही नाही, तो तुटलेला भाग." जोडाच्या अलीकडचे पाच सेकंद तो पुन्हा पुन्हा लावत होता.

जयभीम.